सरकारी मशीन, खाजगी सेल

३ नोव्हेंबर, सोमवार

बंदर खात्याची एक जुनी डायरी सापडली. पूर्ण कोरी आहे, फक्त वर्ष चुकीचं आहे. तारखा दुरुस्त करून वापरणार. रोज लिहायचं. मोजकं आणि खरं.

काल हेमाली आणि जावई निकेत कामोठ्याहून आले होते. हेमालीचं म्हणणं असं, की तिच्या आईच्या वर्षश्राद्धापर्यंत, म्हणजे १६ जानेवारीपर्यंत, मी कानाचं मशीन बसवायचं. नाही बसवलं तर किहीमचं घर बंद, आणि मी कामोठ्याला, सातव्या मजल्यावर. हे तिने तीन वेळा सांगितलं म्हणे. मी एकदाच ऐकलं. एकदा पुरे.

ठराव. एक, घर सोडणार नाही. दोन, मशीन लावणार नाही, कारण कान उत्तम आहेत. मांडव्याच्या जेट्टीवर एकतीस वर्षं लाँचच्या इंजिनाशेजारी उभा राहून तिकिटं तपासली. एवढा आवाज पचवलेले कान आता काय बिघडणार?

५ नोव्हेंबर

शेजारच्या वेणूबाई सकाळीच अंगणात. हात नाचवत होत्या. टाकी भरून दोन तास वाहत होती, पाणी त्यांच्या कॉटेजकडे गेलं, मुंबईच्या पाहुण्यांची गाडी चिखलात रुतली. भावजी, पंप काय माझा बाप बंद करील काय, असं म्हणाल्या. हे वाक्य अगदी स्पष्ट ऐकू आलं. यावरून कान ठीक आहेत हे सिद्ध होतं.

पंपाचा आवाजच कमी झाला आहे. मेकॅनिकला दाखवायला हवा.

९ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. बिघाड कानात नाही, लोकांच्या बोलण्यात आहे. करोनात सगळ्यांना मास्कमधून बोलायची सवय लागली ती गेलीच नाही. पोरं मोबाइलमध्ये मान घालून बोलतात. ओठ हलवत नाहीत.

हेमालीची आई, ठमा, होती तोवर मला सगळं समजायचं. म्हणजे जानेवारीपर्यंत कान शाबूत होते याला पुरावा आहे. तिला एक खोड मात्र होती. दारात आलेला माणूस जे बोलेल ते ती माझ्याकडे वळून पुन्हा म्हणायची. पोस्टमन म्हणाला सही करा, की ही म्हणायची, अवो, सही करा म्हणतंय. मला राग यायचा. मी काय बहिरा आहे का, असं म्हणायचो. ती हसायची आणि पुढच्या माणसाचं पुन्हा तसंच.

हेमालीने फोनवर विचारलं असावं, की इस्पितळाने दिलेली आईची पिशवी उघडली का. कपाटात आहे. वेळ मिळालेला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निकेतने फसवलं. अलिबागला मासळी घ्यायला जाऊ म्हणाला आणि गाडी ‘कर्णमधुर हिअरिंग सेंटर’समोर उभी केली. आत एसी, काचेचा टेबल, आणि शिवानी नावाची मुलगी. मला अंकल म्हणाली.

एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी युक्ती केली. दर पाच सेकंदांनी एक बटण. सराईतासारखं. बाहेर आल्यावर शिवानी निकेतला काहीतरी म्हणाली आणि निकेत टेबलावर डोकं ठेवून हसला. नंतर त्याने मोबाइलवर लिहून दाखवलं, मामा, तिने अजून मशीन चालूच केलं नव्हतं.

ही कसली तपासणी? आधी सांगायला नको?

जोडीची किंमत एक लाख ऐंशी हजार. त्यात ब्लूटूथ आहे. मी विचारलं, ब्लूटूथ कशाला, मला कोण फोन करतं? निकेत म्हणाला, मामा, पैशाचा विचार करू नका, मी देतो. मालवाहतुकीला त्याचे चार ट्रेलर आहेत, देईलही. पण मी उठलो. सरकार ज्या वस्तू फुकट देतं त्या विकत घेणं म्हणजे सरकारचा अपमान. मी सरकारी नोकर होतो. मला बहिरेपण आलंच, तर तेही सरकारी इलाजानेच जाईल.

परत येताना लक्षात आलं, की मशीन लावणार नाही हा ठराव मोडला. मोडला नाही. सुधारला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरकारी दवाखान्यात कान फक्त बुधवारी तपासतात. पहिल्या बसने गेलो. नंबर ३७. सकाळी नऊ ते एक बसलो. शिपाई नंबर पुकारत होता तो तोंडात सुपारी ठेवून. ३७ कधी गेला कळलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली असावी, की दोनदा पुकारला. मी तिला सांगितलं, जिथे कान तपासतात तिथे तरी पुकारणारा माणूस खणखणीत ठेवायला हवा. सगळी लाइन हसली. मी विनोद केला नव्हता.

पुढच्या बुधवारी पुन्हा. मी हार मानणारा नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गावची आशाताई रुचिता सोबत आली. चांगली मुलगी आहे. नंबर पुकारला तेव्हा तिने माझा हात धरून उठवलं, काका, आपला. तपासणी झाली. या वेळी ऐकू आलं तेव्हाच बटण दाबलं. फार कमी वेळा दाबावं लागलं.

रिपोर्टवर दोन्ही कानांपुढे इंग्रजीत काहीतरी आहे. रुचिताने कागदाच्या मागे मराठीत लिहून दिलं, बरंच कमी. रिपोर्ट सरकारी असल्यामुळे मान्य केला. मात्र ‘बरंच’ हा तिचा शब्द आहे, सरकारचा नाही.

आता फक्त फॉर्म भरायचा. महिन्याभरात मशीन. निकेतला कळवलं, की एक लाख ऐंशी हजार वाचवले. घरही वाचलं.

२ डिसेंबर, मंगळवार

फॉर्म परत.

खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. माझं नाव, माझा आधार नंबर. पुढे लिहिलेलं, की २०२३च्या शिबिरात लाभार्थीला मशीन मिळालं. एकदा मिळालं की तीन वर्षं दुसरं मिळत नाही.

मला मशीन मिळालेलं नाही! ते शिबिर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झालं होतं. मी गेलोच नव्हतो. जाणार नाही म्हणून सांगितलं होतं, हे मला चांगलं आठवतं, कारण त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

म्हणजे धर्मा घरत या माझ्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी मशीन उचललं. हा भ्रष्टाचार आहे.

३ डिसेंबर

आता डोकं गार आहे. माहिती अधिकाराचा अर्ज केला. शिवाय तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात लेखी तक्रार. जेट्टीवर असताना बिनतिकीट चढलेला एक माणूस कधी सोडला नाही, हा तर माझ्याच तिकिटावर चढलेला आहे.

शिबिरासाठी नावं कुणी गोळा केली होती ते लिहायचं होतं. आशाताईने. खरं ते लिहिलं. रुचिताचं नाव लिहिताना वाईट वाटलं. पण नियम तो नियम.

११ डिसेंबर

आज रुचिता दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. डोळे लाल होते. ओढणीचं टोक पिळत चार-पाच वाक्यं बोलली. मला एक शब्द कळला नाही. पुन्हा बोल म्हटलं, तर पुन्हा तितकंच हळू. मग गेली.

अपराधी माणूस पुटपुटतोच. जेट्टीवर हे रोज पाहिलं आहे.

चौकशी होईपर्यंत तिने घरोघरी फिरायचं नाही, असा आदेश निघाला आहे. वेणूबाईंची सून बाळंतीण आहे, बाळाच्या लसीचं कोण बघणार, म्हणून वेणूबाई माझ्याशी बोलत नाहीत. निदान त्यांचं ओरडणं थांबलं.

२१ डिसेंबर, रविवार

हेमाली आली होती. रागावून पुष्कळ बोलली. मी तिला समजावलं, की लढाई आता मशीनची राहिलेली नाही, तत्त्वाची आहे. ती कपाटाकडे बोट दाखवत होती. मी म्हटलं, पिशवीचा विषय काढू नकोस. मग कागदावर लिहून दाखवायला तिने पेन उचललं. तेवढ्यात शेजारून पाण्याची बोंब झाली आणि मला पंपाकडे पळावं लागलं. परत आलो तेव्हा ती ओट्याशी माझी जेवणाची भांडी घासत होती. पाठमोरी अगदी ठमासारखी दिसते.

ठराव. १६ जानेवारीपूर्वी गुन्हेगार पकडायचा.

३० डिसेंबर, मंगळवार

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. शिबिराच्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आहे. अनुक्रमांक १४. धर्मा घरत. मशीन एक. घेणाऱ्याची सही.

सही आहे ‘ठमाबाई’.

तिचा ठ असाच. गोल पूर्ण करायची नाही, वरून उघडा ठेवायची. चौथीपर्यंत शिकली होती.

३१ डिसेंबर

काही नाही.

१ जानेवारी, गुरुवार, सकाळ

पिशवी उघडली.

चष्मा. चार बांगड्या. मंगळसूत्र कागदात गुंडाळलेलं. तळाशी कानामागे लावायचं मशीन, कातडीच्या रंगाचं. त्याला काळा दोरा बांधलेला. अंबाड्यात अडकवायला असणार. तिच्या डोक्यावर कायम पदर असायचा.

मी पाहिलं नाही. बेचाळीस वर्षं एका घरात होतो.

दुपार

वेणूबाईंकडे गेलो. मशीन हातावर ठेवून दाखवलं. त्या माझ्या अगदी तोंडासमोर येऊन बोलल्या, त्यामुळे सगळं कळलं. तिलाबी कमीच ऐकू येत व्हतं भावजी. शिबिरात तुमच्या नावाचं मशीन आलं, तुमी म्हनलंव मी काय बहिरा हाय, जानार नाय. सरकारची वस्तू ती फेकील काय? तिनं आपल्या कानाला लावली. तिचं पन ऐके, तुमचं पन ऐके.

विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं? अख्ख्या गावाला, म्हणाल्या. रुचिता तेच सांगाला आली व्हती तुमच्या दारात. हेमाली पन तेच सांगून दमली.

मग सगळे इतकं हळू का बोलत होते?

५ जानेवारी, सोमवार

आरोग्य कार्यालयात जाऊन तक्रार मागे घेतली. साहेबांनी कारण लिहायला सांगितलं. लिहिलं, ‘गुन्हेगार सापडला. घरातलाच होता. तक्रार नाही.’ साहेबांनी ते खोडून ‘गैरसमज’ लिहायला लावलं. रुचिताला काम सुरू करायचा आदेश समोरच टाइप करून घेतला. टाइप होईपर्यंत हललो नाही.

येताना तिच्या घरी गेलो. वाडीतले दोन नारळ दिले. तोंडाने माफी मागितली नाही, जमत नाही. पण नारळ निवडून मोठे घेतले होते. तिने ओळखलं असावं, कारण चहा दिला.

८ जानेवारी

मशीन चालत नाही. सेल संपला आहे. सरकारी दवाखान्यात विचारलं, तर मशीन मिळतं, सेल आपला आपण घ्यायचा. किहीमच्या दुकानात घड्याळाचे सेल आहेत, हे वेगळे लागतात.

खाजगी दुकानात जाणार नाही. ठरलेलं आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

‘कर्णमधुर’मध्ये गेलो. फक्त सेलसाठी. आत शिरतानाच शिवानीला बजावलं, की मी गिऱ्हाईक नाही. तिने मशीन हातात घेतलं, काळा दोरा पाहिला आणि थांबली. मग सेल घातला, माझ्या कानाला लावलं आणि म्हणाली, अंकल, हे काकूंचं ना? दर महिन्याला सेल न्यायला यायच्या. मिस्टरांना लागतात म्हणायच्या.

शब्द न् शब्द ऐकू आला. दुकानातला पंखा पण.

मी म्हटलं, किती झाले? ती दचकली आणि म्हणाली, अंकल, आता एवढं ओरडायची गरज नाही.

मी नेहमी असाच बोलतो. म्हणजे बोलत होतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

वर्षश्राद्ध पार पडलं. मशीन लावून बसलो होतो. भटजी मंत्र फार घाईने म्हणतात, हे पहिल्यांदा कळलं. कावळे पूर्वी इतके ओरडत नसत. मागे बसलेल्या पाहुण्यांपैकी एक जण कुजबुजला, म्हातारा खूप सुकला. मी वळून म्हटलं, दोन किलो.

पंप मी स्वतः बंद केला. टाकी भरते तेव्हा गळगळ आवाज येतो. वेणूबाईंना तो त्यांच्या अंगणात ऐकू येत असे. बाई खोटं बोलत नव्हत्या.

जेवणं झाल्यावर हेमालीने दारामागे उभं राहून, अगदी बारीक आवाजात, परीक्षा घेतली. बाबा, चहा हवा का? साखर कमी, मी म्हटलं. तिला रडू आलं. निकेत म्हणाला, मामा, जिंकलात. कामोठ्याचा विषय संपला. सरकारी मशीन, एक पैसा न देता. सेलच्या पैशांचा विषय मी काढला नाही.

१७ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी सहा

सगळे गेले. घर माझं आहे. कुणी हलवू शकत नाही.

टीव्हीचा आवाज फार मोठा होता, बंद केला. पंप बंद आहे. नळ गळत होता, तो घट्ट केला. खुर्चीत बसलो.

काही ऐकू येईना. नवा सेल आठच दिवसांत संपला, म्हणजे खाजगी लोकांनी फसवलंच, असं मनात आलं. सोमवारी जाऊन शिवानीला जाब विचारायचा, हेही ठरवलं.

मशीनवर नखाने टिचकी मारून पाहिली. टक् असा आवाज आला. पुन्हा मारली. पुन्हा आला.

मशीन चालू आहे.