साठ मैलांच्या पुढे

बेंगळूर,
शनिवार, १४ डिसेंबर १९६३

प्रिय अण्णा,

वसूचा नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इथे सगळे बरे आहेत. थंडीनं आईचा खोकला उलटला होता, आता उतार आहे. अप्पा सकाळी दोन तास गॅरेजात बसतात, मग दमतात. समोरच्या बेकरीवाल्यानं नवी भट्टी घातली, तिचा धूर थेट आपल्या माजघरात येतो आणि आई रोज त्याच्याशी कन्नडात भांडते.

तू लिहिलंस की संक्रांतीनंतर चिंचवडची मंडळी मला बघायला येणार, त्याआधी गॅरेज विकून टाका, आणि मुलगी मोटारीखाली झोपून नटबोल्ट आवळते हे त्यांच्या कानी जाता कामा नये. उत्तर देते. पण आधी विश्वेश्वरांच्या गाडीचं सांगू दे.

ती तांबडी, उघडी, दोन माणसांची गाडी. दोन वर्षांपूर्वी चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यावरून ते ती घेऊन आले, आणि तू तिचं चार सिलिंडरचं इंजिन काढून मोठ्या सलूनचं सहा सिलिंडरचं बसवलंस; त्यात नवे पिस्टन परसूनं घातले. ताकद दुप्पट व्हायला हवी होती. पण जुन्या इंजिनावर ती ताशी साठ मैल जायची आणि नव्यावरही साठच. खालच्या वेगात ओढ झकास, साठला पोचली की काटा जागचा हलत नसे. मग तू भर गॅरेजात, विश्वेश्वरांच्या देखत म्हणालास, "परसूनं नवे पिस्टन गुजरीच्या भंगारबाजारात विकले आणि जुने घातले. चोर आहे तो." परसू निपाणीहून आला तो आठ वर्षं आपल्याकडे होता. त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा काही बोलले नाहीत. हातातला पाना पुसून त्यानं खणात ठेवला आणि गेला. पुढच्या महिन्यात तूही पुण्याला गेलास.

गेल्या महिन्यात विश्वेश्वर गाडी घेऊन परत आले. म्हणाले, "जानेवारीत मद्रासजवळ शोलावरमला मोटारींची शर्यत आहे. तोवर जमलं तर सरी, नाहीतर हिला मोडीत काढतो." अप्पांनी हात जोडले. मी म्हटलं, मी बघते. विश्वेश्वर हसले नाहीत, एवढं त्यांचं कौतुक. "स्वल्प लवकर बघा, अम्मा," म्हणाले.

पहिल्याच दिवशी सहाही सिलिंडरचा दाब मोजला. सहाही सारखे, एकही कमी नाही. तरी खात्रीसाठी हेड उतरवलं. पिस्टन नवेच होते, अण्णा. वर मापाचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. परसूनं चोरी केलीच नव्हती.

मग बाकीचं. प्लग बदलले, ठिणगीची वेळ जुळवली, पेट्रोलचा पंप बाटलीत सोडून धार बघितली, दोन्ही कार्बुरेटर सुटे करून धुतले, सायलेन्सर काढून त्यात काठी घातली. आठ दिवस गेले. काटा साठवरच.

शेवटी मी आईला बोलावलं. ती नऊवारी सावरत ड्रायव्हरच्या जागी बसली आणि मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. म्हटलं, पेडल दाब. दाबलं. कार्बुरेटरची झडप अर्धी उघडली आणि थांबली.

"आई, आणखी दाब."

"अगं, टेकला की पाय खाली! आता काय तळ फोडू?"

मी तिला उतरवलं आणि पायाखालची चटई वर केली. पेडलच्या बरोबर खाली गाडीच्या तळातून एक बोल्ट वर आला होता, दोन नट एकमेकांवर आवळून पक्का केलेला. पेडल अर्ध्यात त्यावर टेकायचं. इंजिनाला कधी पुरता श्वासच मिळाला नव्हता.

तो बोल्ट गाडीबरोबर आलेला नाही. परसूनं लावलेला नाही. इतके दिवस जे लिहायचं टाळत होते ते आता लिहिते. गाडी पहिल्यांदा चालवायला तू तुमकूर रोडला गेला होतास तो रविवार. परत आलास तेव्हा मडगार्ड चेपलेलं, चाकात गवत अडकलेलं. उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायलास आणि मला म्हणालास, "अप्पांना सांगू नकोस." जेवण झाल्यावर स्टिअरिंगखाली डोकं घालून तू तासभर काही तरी करत होतास. मी नाही सांगितलं. परसूला चोर म्हटलंस तेव्हा मी दारातच उभी होते. बोल्टचं मला माहीत नव्हतं, पण तू काही तरी लपवतोयस हे माहीत होतं. तू माझा अण्णा, म्हणून गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यानंही त्या माणसाचं नाव गेलं.

बोल्ट काढून मी गाडी तुमकूर रोडला नेली. काटा साठ ओलांडून गेला, सत्तर, ऐंशी, नव्वदला पोचायला आला. समोर बैलगाडी दिसली आणि ब्रेक दाबला तर गाडी आडवी व्हायला लागली. कशीबशी सावरली. मैलाच्या दगडापाशी थांबले आणि उतरून रस्त्यावरच्या टायरच्या वाकड्या खुणा बघितल्या. तू का भ्यालास ते मला त्या दगडापाशी कळलं. भिण्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. परसूबद्दल बोलणार.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोल्ट हातात फिरवत बसले. मग कोट घातला आणि म्हणाले, "चल." परसू कलासिपाळ्यात लॉऱ्यांच्या गॅरेजात कामाला होता. तिथल्या पंधरावीस माणसांसमोर अप्पा मोठ्यानं म्हणाले, "परसू, तू चोर नव्हतास. चूक आमच्या घरातली होती. मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतो." अप्पांना कुणापुढे मान खाली घालताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते मला मुळीच लहान दिसले नाहीत.

मीही माफी मागितली. परसूनं फडक्याला हात पुसले. मग मला विचारलं, "अण्णा भ्याले हुते व्हय?"

मी हो म्हटलं.

"मग त्यात लपवायचं काय, अक्का? म्होरं एवढं वजन वाढलं नि ब्रेक जुनेच. ते मलाबी कळाय पायजे हुतं. तसं बोलले असते तर मोठे ड्रम घातले असते की."

सोमवारी तो आपल्याकडे परत आला. कामगार म्हणून नाही, भागीदार म्हणून. अप्पांनी कागद केला, मी सही केली. मोठे ब्रेक बसले. काल विश्वेश्वर शेजारी बसले आणि मी शंभरला नेऊन सरळ रेषेत थांबवली. त्यांनी विचारलं, शोलावरमला कोण चालवणार? परसूनं माझ्याकडे बोट केलं.

तेव्हा तुझ्या पत्राचं उत्तर. गॅरेज विकायचं नाही. चिंचवडच्या मंडळींना कळव की मुलगी मोटारीखाली झोपते, आणि कुणाला ते चालत असेल तर त्यानं इथे येऊन मोटारीखालीच तिच्याशी बोलावं. तू रागावशील. रागाव. दोन वर्षं मी तुझ्या रागाला भ्यायले, आता जमणार नाही.

टपालवाला आला की अप्पा अजून मान वर करतात. तू यावंस असं मलाही फार वाटतं. मात्र आधी परसूला पत्र लिही. मला नको, अप्पांना नको, त्याच्या नावानं लिही, तुझ्या हातानं, काय घडलं ते सगळं. ते आलं की तू ये. त्याआधी येऊ नकोस.

तुझी,
वसुमती नरसिंहराव