चार बोटं

भांडुप,
१७ फेब्रुवारी १९८८

प्रिय नीला,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही. पावणेतीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट लपवावंसं वाटलं तर लपव. सासरी कुणी विचारलं तर सांग, गाडीतली जुनी मैत्रीण आहे. खोटं नाही ते.

गाडी मला रोज दिसते. सकाळी सात-दहाला मी दूध केंद्राच्या रांगेत असते आणि नंदकिशोरची ती पिस्ता रंगाची फियाट समोर येऊन उभी राहते. माझ्या जागेवर आता एक चष्मेवाली बसते. ती चढेपर्यंत तू मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत असतेस. एवढी वर्षं शोधतेयस, सापडलं का गं? मला वाटायचं, एकदा तरी काच खाली करशील. नाही केलीस.

कंपनीने ती नोटीस लावली तेव्हा आपण दोघी लॅबमध्ये किती खूश झालो होतो. एका गाडीतून चौघांनी या, म्हणजे गाडीला हिरवं कार्ड, त्यावर चौघांची नावं आणि गाडी थेट गेटच्या आत. माहुलपर्यंत दोन बस बदलून, त्या रिफायनरीच्या वासातून चालत जाणारी मी, मला तर लॉटरीच लागली. मुलुंडहून नंदकिशोर आणि तू, नाहूरला अकाउंट्सचे भाऊ, भांडुपला मी. कुणासाठीही तीन मिनिटं थांबायचं, चौथ्या मिनिटाला निघायचं, हा भाऊंचा नियम. घाटकोपरच्या सिग्नलला माझ्या आईच्या घावण्यांचा डबा उघडायचा, भाऊ नको नको म्हणत दोन खायचे. आणि गेटवर पंचिंगची रांगही नाही. पुढे बसणाऱ्याने काच खाली करून चार बोटं दाखवायची, की वॉचमन कार्डावरची चारही नावं हजर लावणार. पुढे तू बसायचीस. बोटं तुझी असायची.

त्या दिवशी, जूनमध्ये, आईला पहाटे छातीत दुखायला लागलं. बाबांची गिरणी संपात गेली ती गेलीच, घरात कमावती मी एकटी आणि रजा सगळ्या संपलेल्या, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तशीच चप्पल न घालता रस्त्यावर धावत आले, गाडीच्या काचेशी वाकून म्हणाले, आज येत नाही, आईला दवाखान्यात नेतेय, माझी बिनपगारी लावायला सांग. तू ‘बरं’ म्हणालीस. नंदकिशोरने ऐकलं, भाऊंनी मागच्या सीटवरून ऐकलं. तीन माणसांनी ऐकलं, नीला.

तरी तू चार बोटं दाखवलीस. मला वाचवायलाच दाखवलीस, ते मी कधीच नाकारलं नाही. अजूनही नाकारत नाही.

पण भोपाळनंतर आपल्याकडे भोंगा वाजला की मैदानात जमायच्या कवायती सुरू झालेल्या, आणि नेमकी त्याच दिवशी अकरा वाजता झाली. सगळी माणसं मैदानात, मोजणीत एक कमी. कोण, तर प्रेमा. गेटवर हजर, मैदानात नाही. तोंडाला मास्क बांधून फायरवाले तासभर टाक्यांमागे मला शोधत फिरले, त्यातला एक शिडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसला. तुम्हा तिघांपैकी एकाने तेव्हाच सांगितलं असतं तर टळलं असतं. आणि मी त्या वेळी मुलुंडला हॉस्पिटलच्या बाकावर आईच्या बांगड्या रुमालात बांधून बसले होते. मला काय माहीत, माहुलला माझा शोध चाललाय ते.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तू आमच्या चाळीत आलीस. आईने तुला चहा दिला. मग गॅलरीत माझा हात धरून तू म्हणालीस, “तू म्हण ना, मीच नीलाला सांगितलं होतं बोटं दाखवायला. फार तर मेमो देतील गं तुला. माझं लग्न ठरलंय, प्रेमा, सासरे आपल्या कंपनीत सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.” रडत होतीस. मी मूर्ख, मला वाटलं, माझ्यासाठी हात वर केला तिने, मी तिच्यासाठी एक ओळ लिहायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी लिहून दिलं आणि खाली सही केली. साहेबांनी तुला विचारलं, खरंय का हे? तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “हो.” भाऊंना रिटायर व्हायला दोन वर्षं होती, नंदकिशोरला हिरवं कार्ड जपायचं होतं. दोघेही गप्प. मेमो नाही मिळाला. आठव्या दिवशी कमी केलं मला, फसवणूक म्हणून, आणि तसंच लिहून दिलं कागदावर. तो कागद बघून मला लॅबमध्ये कोण ठेवणार? भांडुपलाच एका शेडमध्ये बाटल्यांना लेबलं चिकटवते आता. बी.एस्सी. केलं ते यासाठीच बहुतेक.

त्यानंतर तू घरी फिरकली नाहीस. राग आला म्हणून नाही आलीस, भीती वाटली म्हणून नाही आलीस, लग्नाच्या गडबडीत राहून गेलं, मी सगळी कारणं तुझ्या वतीने शोधून दमले. पत्रिकासुद्धा पोस्टाने पाठवलीस. भांडुपवरून रोज जात होतीस ना गं?

नोकरीचं एक वेळ जाऊ दे. आई अजून म्हणते, “चेडवा, माझ्यापायी गेली गो तुजी नोकरी.” छातीत कळ आली तरी आता सांगत नाही, दाबून ठेवते. गेल्या महिन्यात त्यातच ती मोरीत पडली. तुझं नाव घेतलं तर तिला वाटतं, मी लाजेपोटी दुसऱ्यावर ढकलतेय, कारण सही तर माझीच आहे. ते मला सहन होत नाही.

म्हणून लिहितेय. युनियनने माझी केस लेबर कोर्टात उभी केलीय, सोमवारी माझी साक्ष आहे. ती सही का केली ते मी सांगणार. गॅलरी, तुझा हात, तुझं लग्न, सगळं. तुझ्या घरी काय होईल याचा विचार करून मी दोन तारखा गप्प बसले, आता नाही बसणार. तुला मात्र हे कोर्टाच्या समन्समधून कळू नये, म्हणून आधी सांगतेय. तू मला आधी सांगितलं असतंस, की मेमो नाही, नोकरीच जाईल, तर कदाचित मी तरीही सही केली असती. तेवढी होते मी तुझी. सोमवारी आईलाही नेतेय, तिने ऐकायला हवं. ते माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल. सकाळी दहाला आम्ही भांडुपच्या आपल्या त्याच कोपऱ्यावर रिक्षा घेऊन उभ्या असू. तीन मिनिटं थांबेन.

गाडीतली चौथी,
प्रेमा