शेवटच्या पानावरची सही

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, शिक्षण खात्यातून उपसंचालक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बारा वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावं. नदीपलीकडच्या एकशिक्षकी शाळेत तिने बावीस वर्षं शिकवलं. ती घर नाकारील असं वाटतं. तसं झाल्यास पलीकडून शिकायला येणाऱ्या मुलींनी इथे राहावं. पाण्याची मोटर दोनदा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही, हे त्यांना सांगावं.

२. बँकेतली शिल्लक त्याच मुलींच्या शिक्षणाला लावावी.

३. माझं लिहायचं टेबल आणि खात्याच्या नियमांची पुस्तकं आधी मी माजी संचालकांच्या नावे केली होती. आता त्यांना काहीही देऊ नये. कारण असं.

हा माणूस माझ्या हाताखाली तयार झाला. शाळा तपासताना आधी स्वच्छतागृह बघायचं, मग हजेरीपट, हे त्याला मी शिकवलं. संचालकपद मला मिळण्यासारखं होतं, तरी मी त्याचं नाव सुचवलं. लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याचा अहवाल माझ्याकडे होता. त्यात मी अट घातली होती : मूल अर्ध्या तासात पायी पोचत असेल तरच. तो फक्त शेवटचं पान घेऊन घरी आला.

"बाई, बाकीचं टाइप होतंय. तेवढी सही करून ठेवा, मंत्र्यांकडे आजच जायचंय."

मी चष्मासुद्धा लावला नाही. आदेश निघाला तेव्हा अट गायब होती. बासष्ट शाळांना कुलूप लागलं. जाब विचारला तर म्हणाला, "वरून आलं होतं, बाई. आणि सही तुमचीच आहे ना?"

४. त्या बासष्टांत बहिणीची शाळा होती. ती दारातच उभी राहिली. "ताई, हे तू लिहिलंस?" मी म्हटलं, "सही माझी आहे." त्याला अकरा वर्षं झाली, ती बोलत नाही. अटीसह मूळ मसुदा कपाटाच्या खालच्या खणात आहे. तो तिला द्यावा.

५. माझ्या शोकसभेत माजी संचालकांनी भाषण करू नये. आलेच तर मागे बसवावं. चहा द्यावा.

६. हे कलम वकिलांनी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवावं.

आदेश निघाला त्या दुपारी मसुदा माझ्या हातात होता. वर्तमानपत्राकडे देता आला असता. पण निवृत्तीला चार महिने उरले होते, निरोप समारंभाचा हॉलही ठरला होता. मी गप्प बसले. त्याने मला फसवलं. तुला मी फसवलं. शाळा सुटलेल्या तुझ्या सात मुलांची यादी तू मला कार्यालयात पाठवली होतीस. ती मला मिळाली होती. मी पोच दिली नाही. आता देत आहे.

साक्षीदार : १. शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ : राहतं घर, वरची खोली
दिनांक : सहा मार्च, सकाळी अकरा

(सही)