आठ फूट एक इंच उंचीची मॅटाडोर

मी, प्रल्हाद भास्कर चुरी, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी भरीला न घालता लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पत्नी सौ. वसुंधरा हिचं याबाबत मत वेगळं आहे, पण ते लग्नाच्या वर्षापासूनचं असल्याने ग्राह्य धरू नये. येत्या गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते टेबलाच्या पलीकडे बसले होते.

१. घर, माझ्या वाटणीची वाडी आणि बँकेत उरलं असेल ते वसुंधरेचं. तिच्यामागे सगळं मुलगी ज्ञानदा हिचं. ज्ञानदा मनवेलपाड्याला चौथ्या मजल्यावर राहते आणि तिथल्या एका कुंडीला पाणी घालायला विसरते. तरी वाडी तिलाच.

२. हत्यारं. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, दोन जॅक आणि पान्यांचा संच पापडीचा माझा मित्र रुडॉल्फ याला द्यावा. ही देणगी नव्हे. ती त्याचीच आहेत, मी आठ वर्षं परत केलेली नाहीत.

३. मॅटाडोर. १९८५ सालची. वडिलांनी घेतली, मी चालवली. चाफा आणि केळी घेऊन पहाटे दादरला जात असे. पुढे ती फणसाखाली गंजत पडली. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा वसुंधरेने त्याला चहा पाजून परत पाठवलं. निवृत्त माणसं तीर्थयात्रेला जातात. मी गाडीखाली गेलो. रुडॉल्फ आणि मी चार वर्षं खपलो. सडलेला पत्रा कापला, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं, आत घडीचा पलंग, शेगडी, छोटं बेसिन आणि खिडक्यांना पडदे बसवले. वसुंधरेची एकच मागणी होती. "उभं राहून चहा करता आला पाहिजे. वाकून वाकून जन्म गेला."

म्हणून छप्पर वर उचललं. माप तिला उभं करून, अंबाड्यासकट घेतलं. गाडी आठ फूट एक इंच झाली. नारळ फोडला, निघालो आणि फाटकापाशी थांबलो. आमच्या वाडीची कमान साडेसात फुटांची आहे. रुडॉल्फ डोकं धरून खाली बसला. "पल्हाद, बायको मोजलीस, गेट नाय मोजलास?" चारी चाकांची हवा काढून पाहिली. तरी चार इंच कमीच.

गाडी मजेत चालते, पण विहिरीपासून फाटकापर्यंत आणि तिथून रिव्हर्सने परत. दर रविवारी आमची ही सहल असते. वसुंधरा डबा भरते, चांगली साडी नेसते, मी हॉर्न देतो. फाटकाशी चहा पितो, पडदा सारून रस्ता पाहतो. तिला एकदाच या गाडीत समुद्रासमोर जाग यायला हवी आहे. समुद्र आमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. गेली चार वर्षं ती त्याबद्दल बोलत नाही. ती बोलत नाही याचंच मला वाईट वाटतं.

४. धाकटा भाऊ श्रीपत. त्याला काही देत नाही. कमान वडिलांच्या नावाची आहे. वाटणीत डावा खांब माझा झाला, उजवा त्याचा. त्यामुळे 'भास्कर' माझ्याकडे आले आणि 'चुरी' त्याच्याकडे. एकाच्या संमतीने कमान पाडता येत नाही. श्रीपत संमती देणार नाही, हे मी गावात सगळ्यांना सांगितलं आहे. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे.

मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून लिहितो: त्याला मी कधी विचारलंच नाही. तो नाही म्हणाला असता, तर थोरल्याची काय शान राहिली असती? आणि हो म्हणाला असता, तर इतकी वर्षं कोणाला बोल लावला असता?

५. सबब, गाडी आणि डावा खांब वसुंधरेला. मी परत आलो नाही, तर तिने कमानीचं थेट दिराला, श्रीपतला, विचारावं. तिला मानापमान नाही, ती विचारेल.

साक्षीदारांबाबत: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असाच माणूस घ्या, असं वकीलबाई म्हणाल्या. रुडॉल्फला त्याचंच परत मिळतंय, तेव्हा तो चालला. दुसऱ्यासाठी तो म्हणाला, "ज्याला कायच देत नाय असा तुझा एकच मानूस हाय," आणि मला न विचारता कुंपणावरून श्रीपतला हाक मारली. श्रीपत आला. सही करण्याआधी सगळं वाचलं, चौथं कलम दोनदा. मग चष्मा काढून म्हणाला, "दादा, मी कवा नाय म्हनलो? तू हॉर्न वाजवायचास, मना वाटायचं मना चिडवतोस."

वसुंधरा बोलली. "भावजी, मग आजच."

ठिकाण: वटार
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार
लिहून देणार: प्रल्हाद भास्कर चुरी (सही)

साक्षीदार
१. रुडॉल्फ, राहणार पापडी (सही)
२. श्रीपत भास्कर चुरी, राहणार वटार (सही बाकी. साक्षीदार पहार आणायला गेले आहेत.)