पूजेत भिजलेल्या टीव्हीचा खुलासा

वेप्पंकुळम,
रविवार, २८ डिसेंबर

तीर्थस्वरूप मामांना आणि मामींना तेन्मोळीचा वाकून नमस्कार.

मामा, तुमच्या डाव्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे. मामींचा खोकला थांबला असावा आणि कारखान्यातली शिलाईयंत्रं ठणठणीत असावीत. इकडे अम्मा, अप्पा आणि अप्पत्ता बरे आहेत. (अप्पत्ता म्हणजे अप्पांची आई. तुम्ही तिला फोनवर ‘ती म्हातारी’ म्हणता आणि तिला ते ऐकू येतं.) टीव्ही बरा नाही. पत्र त्याच्याचबद्दल आहे. (कदिर, तुझे वडील दुसरीत शाळा सोडून गिरणीत गेले आणि आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. म्हणून पत्र लिहायचं मी आणि मामांना वाचून दाखवायचं तू, असं ठरूनच गेलं आहे. काही वगळू नकोस. कंस मात्र मनात वाच.)

सर्वांत आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. विजयादशमीनंतरच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही दिलेल्या टीव्हीवर वीज पडली. ते खोटं आहे. त्या दिवशी आकाशात ढग नव्हता. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर कावळ्याची सावलीसुद्धा पडली नाही. ते वाक्य अम्माने सांगितलं आणि मी लिहिलं. मी आठ वर्षांची असल्यापासून हेच चालू आहे. अम्मा चुलीपुढून सांगते आणि मी लिहिते. पण अक्षर माझं होतं, तेव्हा खोटंही माझंच. टीव्ही आयुधपूजेच्या हळदीच्या पाण्याने बिघडला. पाणी अम्माच्या तांब्यातलं होतं.

आता सविस्तर सांगते. आयुधपूजेला आमच्याकडे राबणाऱ्या कोणत्याच वस्तूला सोडत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. अप्पांचा नारळ सोलायचा सुळा, अम्माचा ग्राइंडर, अप्पत्ताचा अडकित्ता, माझी सायकल, माझं पेन, सगळ्यांना चंदनाचे ठिपके आणि कुंकू लागलं. टीव्ही तर तुमचा आहेर, त्यामुळे त्याचा मान पहिला. अम्माने आदल्या दिवशी तो ओल्या फडक्याने पुसला, पूजेला त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, वर झेंडूची माळ घातली. मग हळदीचं पाणी शिंपडलं गेलं. पूजेला बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून पाणी पुसायलाही कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी शुभवेळेवर अम्माने बटण दाबलं. डाव्या अर्ध्यात चित्र आलं आणि उजव्या अर्ध्यात उभे हिरवे-गुलाबी पट्टे, काठाची साडी दांडीवर वाळत घातल्यासारखे.

तेव्हापासून अप्पत्ताच्या दुपारच्या मालिकेत सासू दिसते आणि सून पट्ट्यांमागून नुसती ऐकू येते. पहिले दोन दिवस अप्पत्ताने सगळ्यांना शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली की मालिका आता सुधारली आहे.

शेजारच्या पाप्पाअक्कांचा मोबाइल एकदा विहिरीत पडला होता आणि तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर चालू झाला होता. हे ऐकून अप्पांनी टीव्हीसाठी तोच उपाय काढला. बत्तीस इंचाला डबा कुठला मिळणार, म्हणून खोलीतल्या न कांडलेल्या भाताच्या राशीत त्याला पुरायचं ठरलं. मी टीव्हीबरोबर आलेली पुस्तिका शोधली आणि ‘ओलावा, धूळ आणि कीटक यांपासून दूर ठेवा’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, ओलावाच तर काढतोय. चार दिवसांनी टीव्ही उकरून काढला तेव्हा ओलावा गेला होता, धूळ आणि कीटक आले होते. एक सोनकिडा अजूनही काचेच्या आत राहतो. सासूचा राग शिगेला पोचला की तो नेमका तिच्या नाकावरून चालत जातो.

मग मी जेबराजला बोलावलं. हा आंडिपट्टी रस्त्यावरचा टीव्हीवाला. खरं बोलतो, म्हणून त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी. त्याने मागचं झाकण उघडलं तेव्हा मूठभर भात खाली सांडला. तो हसला नाही (तोंड फिरवून खोकला मात्र). तो म्हणाला की पडदाच गेला आहे आणि पडद्याची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी. “ताई, हा दुरुस्त करणं म्हणजे तुम्ही मला नवा टीव्ही घेऊन द्यायचा आणि मी तुम्हाला जुना परत करायचा.”

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. सगळे म्हणाले, तू शिकलेली आहेस, तूच ठरव. मामा, या वाक्याचा मला किती राग येतो ते तुम्हाला ठाऊक नाही. रेशनकार्डाचा अर्ज असो, औषधाच्या बाटलीवरची तारीख असो की शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, तूच ठरव. मी रात्रभर विचार करते, दोन ठिकाणी विचारते, कागदावर लिहून काढते आणि ठरवते. टीव्हीचंही मी ठरवलं. दुरुस्ती नाही, नवा घ्यायचा, लहान घ्यायचा. यावर अम्मा म्हणाली, “ठरव म्हटलं म्हणून लगेच ठरवायचं?” तिच्या मते भावाचा आहेर तो भावाचा आहेर. शिवाय त्याची पूजा झाली आहे, तो भंगारात गेला तर माहेरचा अपमान. आणि हे सगळं तुम्हाला कळवायचं कसं, म्हणून वीज.

आता तुमच्याबद्दल लिहिते. राग आला तर शेवटपर्यंत ऐकून मग यावा.

तुम्ही ती वीज घेऊन ज्योतिष्याकडे गेलात. त्याने न पडलेल्या विजेचं फळ सांगितलं. मामाच्या आहेरावर वीज पडली, म्हणजे भाचीला पोंगलपासूनचा तै महिना संपायच्या आत सून करून घेतली पाहिजे, नाहीतर दोन्ही घरांना त्रास. वीज ईशान्येकडून आली हेही त्याला दिसलं म्हणे. मामा, आमची ईशान्येची भिंत पाप्पाअक्कांच्या गोठ्याला चिकटलेली आहे. वीज तिथून आली असती तर आधी म्हैस भाजली असती. म्हैस ठीक आहे, साडेचार लिटर देते. आणि आता तुम्ही पोंगलला त्रेचाळीस इंचाचा नवा टीव्ही आणि लग्न ठरवायचं सुपारीचं ताट एकाच गाडीतून घेऊन येणार असं अम्मा सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे. मला कोणी विचारलं नाही. लग्नाचं ठरवायला मी पुरेशी शिकलेली नसावे.

तुम्ही म्हणाल यात नवीन ते काय, शब्द तर अकरा वर्षांपूर्वीच दिला होता. मला तो दिवस आठवतो. मला न्हाण आलं होतं, मी तेरा वर्षांची होते. मला मखरात बसवलं होतं आणि जड साडीत मान वर करता येत नव्हती. तुम्ही वाजतगाजत गल्लीतून आलात. मामी आणि इतर बायकांच्या डोक्यावर ताटं होती आणि सर्वांत पुढे दोघांच्या खांद्यावर टीव्हीचं खोकं. ते माझ्या शेजारी ठेवून त्यालाही हार घातला. तो फोटो अजून आहे. खोक्याचा हार माझ्या हारापेक्षा मोठा आहे. मग तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात, “आज टीव्ही देतोय. माझ्या कदिरसाठी पोरीला नेईन तेव्हा बाकीचं देईन.” सगळा मांडव हसला. मी पण हसले, कारण मला फक्त टीव्ही कळला होता.

माझ्या नोकरीबद्दलही बोलून घेते. दूध सोसायटीत मी येण्याआधी दुधाचं माप अंदाजाने लिहीत असत आणि ज्यांना वाचता येत नाही त्या बायका अंगठा उठवून घरी जात. आता मी प्रत्येकीला आकडा मोठ्याने वाचून दाखवते. पाणी असेल तर दूध परत करते. मागच्या महिन्यात अम्माचं दूध परत केलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी दूध चांगलं आलं. आयुधपूजेच्या सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी हेच कौतुकाने सांगत होते. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल. फोन मोठ्या आवाजावर होता, सगळं घर ऐकत होतं. तुम्ही म्हणालात, “अगं, आमच्या तिरुपूरला दूध पाकिटातून येतं. इथे मोजायला कोण लागतं?” सगळे हसले. अम्मासुद्धा हसली.

तेव्हा जे बोलायचं होतं ते फोनवर जमलं नाही. तुम्ही फोनवर दुसऱ्याला वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात मध्येच बोलता येत नाही, म्हणून पत्र.

जास्त काय लिहू. तुमच्या उपकारांची मला जाणीव आहे. माझ्या दहावीच्या पुस्तकांचं पार्सल तुम्ही पाठवलं होतंत, मी विसरलेले नाही. गुडघ्याला जपावं, गाडीने येताना पाय लांब करून बसावं.

तुमची भाची,
तेन्मोळी

ता. क. पोंगलला तुम्ही आणि मामींनी नक्की यावं. बहिणीला भावाकडून जे येतं ते आणावं. ऊस आणा, गूळ आणा, नवं भांडं आणा. टीव्ही आणू नका. दुकानात सांगून ठेवला असेल तर परत घ्यायला सांगा. मी माझ्या पगारातून जेबराजकडे एक चोवीस इंची सांगून ठेवला आहे. त्यात सासू आणि सून दोघी थोड्या लहान दिसतील, पण दिसतील. तुमचा टीव्ही भंगारात जाणार नाही. जेबराज त्याचे चांगले भाग काढून दुसऱ्या आजारी टीव्हींना घालणार आहे. अम्माला मी हे असंच समजावणार आहे, की त्याचं पुण्य तुम्हाला लागेल.

ता. क. दुसरा. सुपारीचं ताटही आणू नका. मला कदिरशी लग्न करायचं नाही. त्याच्यात खोट आहे म्हणून नव्हे, मला इथेच राहायचं आहे म्हणून. (कदिर, कंस मनात वाच असं वर म्हटलं होतं, हा कंस मोठ्याने वाचायचा आहे. तू दिवाळीला फोन करून मला म्हणालास की तूच नाही म्हण, म्हणजे मला माझ्या अप्पांना नाही म्हणावं लागणार नाही. मला त्याचा मामांपेक्षा जास्त राग आला. मी माझं नाही म्हटलं आहे. तुझं तू म्हण. तू हा भाग वाचलास की गाळलास ते मला कळेलच. गाळला असशील तर मामा पोंगलला टीव्ही घेऊन दारात उभे राहतील.)

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वर मी लिहिलं की पाणी अम्माच्या तांब्यातलं होतं. ते खरं आहे, पण पुरं नाही. तांब्या अम्माचा, हात माझा. अम्मा आत चण्यांना फोडणी देत होती. तिने मला आंब्याची डहाळी बुडवून चार थेंब शिंपडायला सांगितलं होतं. तुमचा फोन नुकताच झाला होता. डहाळी माझ्या डाव्या हातात तशीच राहिली आणि तांब्या उजव्या हाताने उपडा झाला. चुकून झालं की मुद्दाम, हे मी तीन महिने तपासते आहे. दुधातलं पाणी मला एका क्षणात कळतं, हे कळत नाही. अम्माला वाटतं की तिने ओल्या फडक्याने पुसला म्हणून टीव्ही बिघडला. त्यासाठी ती दर मंगळवारी उपास करते आणि मी समोर बसून जेवते. हे पुरे झालं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी भोगी आहे, घरातलं जुनं बाहेर काढायचा दिवस. त्या दिवशी मी भिंतीवरचा टीव्ही माझ्या हाताने उतरवणार आहे आणि अम्माला समोर बसवून तांब्याचंही सांगणार आहे आणि कदिरचंही. बुधवार, चौदा जानेवारी, सकाळचं दूध मोजून झालं की.