आईने बुधवारी मागितलेलं

सोमवार, ५ ऑगस्ट
रविवारच्या स्मरण-उपासनेत आईवर मी बोलायचं म्हणे! एकतीस वर्षं ज्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही, तिथल्या व्यासपीठावरून! पाळक स्वतः घरी आले, चहा घेतला आणि विचारलं. मी हो म्हणून बसले. आता वाटतंय – मलाच का? दादा तिथल्या चर्च-मंडळीचा चिटणीस. दर रविवारचा शास्त्रपाठ तोच वाचतो. त्याला सोडून माझ्यासारख्या नास्तिक बाईच्या हाती माइक? काहीतरी शिजतंय.

मंगळवार, ६
भाषणासाठी टिपणं. ब्याण्णव वर्षं. त्यातली चौसष्ट एकाच बाकावर – डावीकडचा दुसरा. दवाखान्यात परिचारिका होती. रात्रपाळी संपली की सुजल्या पायांनी तशीच उपासनेला. प्रभुभोजनाच्या मेजावरचा कपडा दर शनिवारी स्वतः इस्त्री करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.
देव मला पटत नाही, हे मी तिला तासभर पुराव्यांनिशी समजावलं होतं. तिने सगळं ऐकलं. "झालं बोलून? मग जेव."
एवढा दारुण पराभव मला कुठल्याच सभेत पत्करावा लागला नाही.

बुधवार, ७
चर्चच्या चाव्या सांभाळणाऱ्या मावशी भेटायला आल्या. माझा हात धरला तो सोडेचनात. "आलीस बाई शेवटी. बावीस वर्षं दर बुधवारच्या प्रार्थनासभेत तुझी आई उठून एकच मागायची – माझं एक लेकरू देवापासून लांब गेलंय, त्याच्यासाठी प्रार्थना करा."
असं आहे तर! हरवलेलं मेंढरू परत आलं, याचा सोहळा करायचाय पाळकांना. आणि आई! तोंडावर कधी चकार शब्द नाही. पाठीमागे मात्र दर बुधवारी माझी अब्रू चव्हाट्यावर! सोडणार नाही. श्रद्धेच्या नावाखाली घरच्या माणसांना कसं उघडं पाडतात, ते रविवारी तिथेच सांगणार.

गुरुवार, ८
भाषण तयार. चांगलं धारदार झालंय. पण एक आकडा टोचतोय. बावीस? मी तर एकतीस वर्षांपूर्वी सोडलं! मावशींना फोन केला. पक्कं आहे म्हणाल्या – छकुली गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून. छकुली म्हणजे दादाची मुलगी. सहा वर्षांची होती.
मग आधीची नऊ वर्षं मी आईला लांब गेलेली दिसलेच नाही?

शुक्रवार, ९
दादावर नजर ठेवून आहे. जेवणाआधी वहिनी डोळे मिटते. तो मिटत नाही, भाकरी मोडायला लागतो. त्याचं बायबल चोरून चाळलं. (हो, चोरून!) रविवारच्या पाठांना खुणा आहेत. बाकीची पानं एकमेकांना चिकटलेली.

शनिवार, १०
विचारलंच. तो मेजावरचा कपडा इस्त्री करत होता, आता आईऐवजी. मी म्हटलं, "ते लेकरू तू का रे?"
त्याने इस्त्री उभी ठेवली. मग खाली बघून बराच वेळ बोलला. छकुली गेली त्या आठवड्यातच त्याचा देवावरचा विश्वास संपला. सांगितलं फक्त आईला. चिटणीसपद सोडतो म्हणाला, तर तिने थांबवलं. "तुझी बायको तुझ्या श्रद्धेकडे बघून कशीबशी उभी आहे. तू वाचत राहा, तुझ्यासाठी मी मागते," म्हणाली.
"नाव तिने कधीच घेतलं नाही. लोकांनी तुझं धरलं. तिने दुरुस्त केलं नाही. मीही नाही."
वहिनीला अजून माहीत नाही. उद्या तुला हवं ते बोल, मी अडवणार नाही, एवढं म्हणून पुन्हा इस्त्री फिरवायला लागला.
अडवणार नाही म्हणे! बावीस वर्षं मला पुढे उभं करून मायलेक माझ्याआड लपले! चाळीस वर्षं सभा गाजवल्या, पण व्यासपीठावरून एक शब्द खोटा बोललेले नाही. मला धर्म म्हणून आहे तो एवढाच.

रविवार, ११
वहिनी समोरच बसली होती, दादाचा हात घट्ट धरून. लिहिलेलं भाषण पर्समधून काढलंच नाही.
म्हटलं, आई बावीस वर्षं ज्या लेकरासाठी मागत होती, ते मी.