‘एकोणिसावा दरवाजा’वरचे अभिप्राय आणि माझा शक

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०

आजपर्यंत स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: दुकानातली शिवणीची लाकडी चौकट. कागद दाबायचा प्रेस. घरचा कूलर (अकरा उन्हाळे, एकदाही बंद नाही). इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चार हजारांच्या वर. सरकारी ऑफिसांची रजिस्टरं, एक पान सुटलं अशी तक्रार नाही. आणि कादंबरी एक. ‘एकोणिसावा दरवाजा’. लिहिली मी, टाइप केली मी, शिवली मी, कापली मी. फक्त छपाई बाहेरून, कारण मशीन आपल्याकडे नाही.

शिक्षण दहावी. यातलं काहीच कुणी शिकवलेलं नाही.

विष्णुपुरी धरणाला दरवाजे अठरा. इन्स्पेक्टर तेजरावला अमावास्येला एकोणिसावा दिसतो. तिथं कान लावला की मेलेली माणसं बोलतात. त्यांच्या सांगण्यावरून तो सात खून करणाऱ्या कंपाउंडरचा माग काढतो. मराठीत असं झालेलं नाही. (खात्री करून घ्यायची.)

माझे तीन शोध, पुढेमागे कुणी आपले म्हणू नयेत म्हणून इथं नोंदवतो. एक, पानांना नंबर नाहीत. नंबर दिसले की किती पानं उरली ते कळतं, अन् सस्पेन्स मरतो. दोन, प्रकरणांनाही नंबर नाहीत. तीन, प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांचं, म्हणजे बाइंडिंगचा एक फर्मा, घडी घालून एकत्र शिवायचा जुडगा. दहा प्रकरणं, दहा फर्मे. सहावं प्रकरण तीन ओळी कमी पडलं तेव्हा तेजरावला शिंक आणली.

तीनशे प्रती. दीडशे झाल्यावर बायकोच्या, महादेवीच्या बचत गटाची मीटिंग मधेच आली, खोलीतले फर्म्यांचे गठ्ठे उचलावे लागले. बायका गेल्यावर पुन्हा मांडून उरलेल्या दीडशे शिवल्या. पहिल्या दीडशे नांदेडात वाटल्या. दुसऱ्या लातूरला अण्णारावांकडे. ते प्रकाशक आहेत आणि तिथला वाचक कट्टाही तेच चालवतात.

निश्चय: अभिप्राय शांतपणे वाचायचे. चांगल्यानं फुगायचं नाही, वाइटानं खचायचं नाही.

८ जानेवारी, बुधवार. दुपारी

पहिला अभिप्राय. संघपाल सर, कॉलेजचे ग्रंथपाल. वीस वर्षांची ओळख. म्हणाले, अप्पा, मेहनत दिसते. मी म्हणालो, आणखी? म्हणाले, बाइंडिंग एक नंबर. मी म्हणालो, आणि आतलं? तर म्हणाले, खुनी तो कंपाउंडरच ना? दुसऱ्याच प्रकरणात कळलं.

दुसऱ्या प्रकरणात कसं कळेल? त्यात कंपाउंडर फक्त सुई धुतो आणि हसतो.

कुणीतरी आधीच फोडलं असणार. छापखान्यातला माणूस?

११ जानेवारी, शनिवार

नांदेडचे आणखी चार अभिप्राय. रेल्वेतला क्लार्क: झोपेच्या गोळ्या बंद झाल्या. मेडिकलवाला: कंपाउंडर लोकांची बदनामी झाली. दोघं म्हणाले वाचून राहिलो. ही दोघं सहा दिवस झाले वाचून राहिलेत.

सगळे म्हणतात खुनी आधीच कळतो. पाच जणांना एकच गोष्ट सुचते म्हणजे मागून कुणीतरी सुचवतंय. वही केली आहे. डावीकडे नाव, उजवीकडे कारण. छापखानेवाला (पैसे वेळेवर दिले म्हणून जळतो). संघपाल सर (शिकलेला माणूस, दहावीवाल्यानं लिहिलेलं पचत नाही). महादेवी.

महादेवीचं नाव नाइलाजानं. सत्तावीस वर्षांचा संसार, पण दुसऱ्या प्रकरणापुढं गेलेली नाही. विचारलं तर म्हणते, हाव, वाचते की, चष्मा सापडू द्या. चष्मा तिच्या डोळ्यावर होता.

खरं ते इथं लिहितो, ही वही कुणी वाचत नाही. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. दुकानाच्या पाटीवर ‘बाइंडर’ आहे. त्याच्याखाली ‘व लेखक’ एवढंच लिहायचं आहे. पेंटर तयार आहे. मीच थांबलोय. आधी एका माणसानं म्हणावं, ज्याला माझ्या बाइंडिंगशी काही देणंघेणं नाही. मग ब्रश लावायचा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

लातूरहून पहिला मेसेज. बुद्धप्रिया नावाच्या बाई, बँकेत आहेत. मोठा अभिप्राय, जशाचा तसा उतरवतो:

‘सर, पहिली आठ प्रकरणं मला बेताचीच वाटली, खोटं सांगत नाही. पण त्या खुन्याला फाशी होते आणि पुढचं प्रकरण उघडावं तर तो इस्लापूरच्या हॉटेलात बसून चहा पितोय! आणि इन्स्पेक्टर समोर बसून विचारतो, साखर किती? मी पुस्तक खाली ठेवलं, घरातले सगळे दिवे लावले. फाशीच्या सकाळी इन्स्पेक्टर मिशी काढतो आणि चहाच्या वेळी मिशी परत आहे. म्हणजे दोघंही मेलेले ना, सर? शेवटी इन्स्पेक्टर गुन्हा कसा उलगडला ते सोळा पानं सांगत बसतो, ते मेलेल्याला सांगतोय हे कळलं तेव्हा रडू आलं.’

चेष्टा आहे. उघड चेष्टा आहे.

फाशीनंतर चहा मी लिहिलेला नाही. चहा आठव्या प्रकरणात, तेजराव वेष बदलून पाळत ठेवतो तेव्हा. फाशी नवव्यात. मेलेला माणूस चहा कसा पिईल? बाईंनी पुस्तक उघडलेलंच नाही. कुणीतरी सांगितलं, अप्पाला चढवा.

महादेवी तिळगूळ देत म्हणाली, गोड बोला. आज कुणाशीच बोललो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

लातूरहून आणखी सहा. सहाही तेच. ‘चहा वाचून अंगावर काटा.’ ‘मिशीचं कोडं आमच्या घरी तीन दिवस चाललंय.’ एका निवृत्त मास्तरांनी तर लिहिलं, असा शेवट करायला छाती लागते.

महादेवीला वाचून दाखवलं. म्हणाली, मग चांगलं म्हणून राहिलेत की, तोंड कशाला पाडता? तिला काय कळणार? नांदेडचे लोक निंदा तरी मी लिहिलेल्याची करतात. लातूरचे स्तुती करतात ती मी न लिहिलेल्याची. यात धोका जास्त.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ५.४०

उलगडा झाला. अण्णारावांनी बनावट आवृत्ती काढली आहे. माझी मूळ प्रत उघडून, प्रसंग फिरवून, माझ्याच नावानं नवी छापली. हेतू: मला हास्यास्पद करणं. पुरावा: प्रकाशक आहेत, मशीन आहे.

प्लॅन: उद्या लातूर. कट्ट्याची सभा चार वाजता. वेष बदलून मागच्या रांगेत बसायचं. बनावट प्रत हस्तगत करायची. गाठ तपासायची. माझी शिवणीची गाठ दुहेरी, डावीकडे वळलेली, अख्ख्या मराठवाड्यात कुणाला जमत नाही. बनावट प्रतीत ती नसणार. सर्वांसमोर उघडं पाडायचं.

वेष: मफलर, काळा चष्मा.

१९ जानेवारी, रविवार. लातूर, रात्री ८

एसटीनं सव्वातीनला पोचलो. दारातच अण्णाराव म्हणाले, या या माणिकप्पा, मफलर काढा, घाम येऊन राहिलाय तुम्हाला. पुस्तकाच्या पाठीवर माझा फोटो चार रंगांत आहे, हे प्लॅनमध्ये धरलं नव्हतं.

चाळीस माणसं. चाळीस! खुर्चीवर बसवलं, हार घातला. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, मिशीबद्दल आमच्या सुनेचं म्हणणं वेगळं आहे, तिचंही ऐकून घ्या. सून उठली. भांडण लागलं. माझ्या पुस्तकावरून दोन अनोळखी माणसं भांडत होती.

मी शेजारची प्रत उचलली आणि पुठ्ठा मागं वाकवून गाठ बघितली.

दुहेरी. डावीकडे वळलेली.

मग आठवा फर्मा शोधला. तो नवव्याच्या जागी होता. नववा आठव्याच्या.

तेवढ्यात बुद्धप्रियाबाई उठल्या. साधी बाई, खांद्याला ऑफिसची पर्स. म्हणाल्या, सर, एकच विचारते, ते फाशीनंतरच्या चहाचं तुम्हाला सुचलं कसं?

चाळीस माना माझ्याकडं वळल्या.

मी म्हणालो, ते सुचावं लागतं.

टाळ्या.

२० जानेवारी, सोमवार. नांदेड

चूक माझी नाही. बचत गटाची मीटिंग त्याच दिवशी ठेवायची काय गरज होती? महादेवी म्हणाली, गठ्ठे तुम्हीच उचलले, तुम्हीच ठेवले, मी हात लावायला आले तर म्हणालात, सरक, हे बायकांचं काम नाही. हे खरं आहे, पण मुद्दा तो नाही.

फर्म्याच्या पाठीवर ओळखीची काळी खूण छापायची पद्धत आहे. क्रम चुकला की लगेच दिसते. मी छापली नाही. ज्याचा हातावर भरवसा नाही त्याला खूण लागते.

संघपाल सरांचं नाव वहीतून खोडलं. छापखानेवाल्याचंही. अण्णारावांचं शनिवारी घातलेलंही खोडलं. महादेवीचं ठेवलं आहे.

निश्चय: लातूरच्या सगळ्या प्रती परत मागवायच्या, उसवायच्या, बरोबर क्रमानं शिवून पाठवायच्या. लातूरकरांना चुकीच्या पुस्तकाचा एवढा आनंद झाला, तर बरोबरचा किती होईल?

२१ जानेवारी, मंगळवार

बुद्धप्रियाबाईंना खरं सांगायचं ठरवलं. चार वेळा मेसेज लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी ‘सुधारित प्रत’ म्हणून बरोबर क्रमाची एक कुरिअरनं पाठवली. सुधारित हा शब्द खोटा नाही.

उघड आहे की त्यावर त्यांचं जे मत येईल तोच खरा अभिप्राय. त्यांना बाइंडिंगशी देणंघेणं नाही. पेंटरला सांगून ठेवलं, शनिवार मोकळा ठेव.

२५ जानेवारी, शनिवार

पेंटर येऊन गेला. पुढच्या शनिवारी ये म्हणालो.

३० जानेवारी, गुरुवार. दुपारी १२.२०

अभिप्राय आला.

‘सर, राग मानू नका. सुधारित प्रत वाचली. बरी आहे. पण पहिलीत जे होतं ते तुम्ही का काढलं? आता चहा म्हणजे नुसता चहा झाला. मिशी आधी आहे, मग नाही, एवढंच. तुमच्यावर कुणी दबाव आणला का? लेखकानं लोकांचं ऐकू नये, सर.’

दोनदा वाचला. दुकान लवकर बंद केलं. पोटात दुखत होतं, दुसरं कारण नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत मागवलेल्या दीडशेपैकी तीन प्रती आल्या. बाकीच्यांनी कळवलं की देत नाही. निवृत्त मास्तरांनी लिहिलं, माझ्या मुडद्यावरून घेऊन जा.

तीनपैकी दोन टेबलावर होत्या. तिसरी शोधली. महादेवी मागच्या दारी पायरीवर बसून वाचत होती. आज बचत गटाची मीटिंग. बोलवायला बाई आली तर हिनं हातानंच खूण केली, जा तू. मी उभा राहिलो. तिनं वर बघितलं नाही. पान उलटलं, मग पुन्हा मागं जाऊन काहीतरी बघितलं. मिशी असणार.

संध्याकाळी विचारलं, कशी वाटली? म्हणाली, अहो, हे तुम्ही लिहिलं?

मी म्हणालो, शब्द सगळे माझेच आहेत.

ती म्हणाली, लई भारी जमलंय हो, आधीची ती दुसरी कशाला दिली होती मला?

सत्तावीस वर्षांत असं कधी म्हणाली नव्हती. ‘माझंच आहे’ असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, ते चुकून झालंय. ती म्हणाली, तुम्हाला बाई कोणतंच सुख सोसत न्हाई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णाराव स्वतः नांदेडला आले. चहा घेतला. म्हणाले, माणिकप्पा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की फर्मे उलटेपालटे झालेत, मी धंद्यातला माणूस आहे. पण चाळीस माणसं भांडतात असं पुस्तक मी तीस वर्षांत छापलं न्हाई. मला काढायचंय. तुमचं नाव मोठ्या अक्षरात, लेखक म्हणून. अट एकच, आहे तो क्रम हलवायचा नाही.

मी म्हणालो, माझ्या क्रमानं काढा. अण्णाराव भला माणूस. कप खाली ठेवला. मग म्हणाले, तुमच्या क्रमानं नांदेडात वाचलंय की लोकांनी.

दोन दिवस मागून घेतले.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

रात्रभर दोन्ही क्रम शेजारी ठेवून वाचले. माझ्या क्रमात एकही चूक नाही. आठव्यानंतर नववा येतो, माणूस आधी चहा पितो मग मरतो, रेल्वे वेळेवर सुटते. सहाव्याच्या अलीकडे मलाच दोनदा झोप लागली, ते दिवसभराच्या कामानं.

दुसऱ्या क्रमाला झोप लागली नाही. चहाच्या जागी मी उठून दिवा लावला. हे इथंच राहू द्यायचं.

पाटीचं काम रद्द केलं. पेंटर म्हणाला, तीनच तर अक्षरं आहेत. मी म्हणालो, चार.

महादेवी म्हणाली, हो म्हणा, नाव तर तुमचंच येतंय. मी म्हणालो, माझ्या हातून झालेली चूक मी विकत नाही. ती म्हणाली, मग हातून झालेलं बरोबर विकून दाखवा.

साडेसातला अण्णारावांना फोन करून कळवलं. त्यांची बोली होती, लातूरच्या क्रमाचे कायमचे हक्क, पहिली आवृत्ती दोन हजार प्रतींची, अर्धी रक्कम आगाऊ. मी नाही म्हणालो. पंच्याऐंशी हजार रुपयांना.